भोक लहान, पाप लहान?

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली, तुळशीचे लग्नही झाले, आणि एके रात्री नेब्रास्कातून नातवाचा फोन आला. मुलगा वीस वर्षांचा. जन्म तिकडचा, नागरिकत्व तिकडचे. मराठी बोलतो, पण लांब वाक्यात क्रियापदापाशी अडखळतो. म्हणाला, "आज्जा, मी रायफल घेतली आहे. कायोटी मारायला कुठली गोळी घेऊ? कातडं खराब व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर मी ही गोष्ट सांगितली. आमच्या कट्ट्यावर सगळेच पेन्शनर; मत देण्यात कोणी मागे राहत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गोळीची चर्चा कसली करता? मारू नको म्हणून सांगा आणि फोन ठेवा." दुसरे एक मित्र खानापूरकडचे. त्यांच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते म्हणाले, "सर्वांत बारीक गोळी घे म्हणावं. भोक लहान, पाप लहान!" कट्टा हसला. मीही हसलो.

घरी आलो आणि झोप लागेना. कारण ते वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, मीच एकदा बोललो होतो आणि त्याचे पुढे काय झाले तेही माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. या लेखात मला त्या दोन्ही मित्रांशी भांडायचे आहे. त्याहून अधिक माझ्या तेव्हाच्या शहाणपणाशी. आमच्या अंकाला हा विषय चमत्कारिक वाटेल हे मी जाणतो. पण ज्यांची मुले-नातवंडे अमेरिका-कॅनडात मोठी होत आहेत, अशी घरे आता बेळगाव-खानापूर-निपाणीकडे थोडीथोडकी नाहीत. हे प्रश्न त्यांच्या फोनवर आज ना उद्या येणारच आहेत.

आधी माझा अधिकार काय तो सांगतो. मी शिकारी नाही. सैन्यात ई. एम. ई. मध्ये आर्मरर होतो. चोवीस वर्षे दुसऱ्यांच्या रायफली उघडल्या, साफ केल्या, दुरुस्त केल्या. एक गोळी नळीतून बाहेर पडून काय करते, हे पोटासाठी शिकलेली विद्या आहे, हौसेची नव्हे. पण ती विद्या माणसावर झाडण्याच्या गोळीची होती, आणि माझी चूक झाली ती इथेच.

आता कायोटी म्हणजे काय ते. आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला हा प्राणी. वजन साधारण दहा ते वीस किलो. थंडीत अंगावर दाट लव चढते म्हणून दिसतो मात्र दुप्पट. १८२३ साली थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे भुंकणारा श्वान, असे शास्त्रीय नाव दिले. ज्या नमुन्यावरून हे नाव पडले, तो मिसुरी नदीकाठी, आजच्या नेब्रास्काच्याच हद्दीत मिळाला होता. आपला कोल्हा 'कॅनिस ऑरियस', म्हणजे याचा चुलतभाऊच. मुलीच्या घरामागच्या टेकड्यांवरून रात्री त्यांची ओरड आली तेव्हा मला गावाकडच्या उसाच्या फडातली कोल्हेकुई आठवली होती.

आमचे कानडी शेजारी कोल्ह्याला 'नरी' म्हणतात आणि सकाळी नरीचे तोंड दिसले तर दिवस चांगला जातो असे मानतात. नेब्रास्कात कायोटीच्या नशिबी असला मान नाही. तिथे त्याला मोसमाची बंदी नाही. बाराही महिने मारता येतो. वासरे आणि कोकरे नेतो, हा त्याच्यावरचा आरोप. अमेरिकेचे केंद्रीय कृषी खाते स्वतः अलीकडच्या वर्षांत वर्षाला पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारत आले आहे. शंभर वर्षे विष, सापळे आणि बंदुका वापरूनही तो संपलेला नाही. उलट, जिथे पूर्वी नव्हता तिथे पसरला. शिकागोसारख्या महानगरातही नांदतो. हे सारे त्याच्या कौतुकासाठी सांगत नाही. तिथल्या माणसाने कायोटीवर गोळी झाडणे ही चोरटी, बेकायदा गोष्ट नाही एवढे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून सांगतो. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी उसाच्या फडात बंदूक घेऊन शिरू नये.

२०१८ च्या जानेवारीत मी मुलीकडे होतो. ती तिथल्या एका छोट्या गावात डॉक्टर आहे. शेजारी एक गुरे पाळणारा शेतकरी, साठीचा, अबोल, भला माणूस. थंडीत तो कायोटी मारी आणि कातडी विकून जोडउत्पन्न मिळवी. त्या वर्षांत कायोटीच्या कातड्याला बरा भाव होता. महागड्या थंडीच्या कोटांच्या टोप्यांना जी केसाळ झालर असते, ती बहुधा याचीच. पश्चिमेकडच्या फिकट, दाट केसांच्या कातड्याला जास्त मागणी. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत ते ऐन भरात असते. पुढे केस घासून विरळ होतात, आणि उन्हाळ्यात तर त्याला कवडीची किंमत नसते. कातडे मोज्यासारखे उलटे सोलायचे, आतली चरबी खरवडायची, फळीवर ताणून सावलीत वाळवायचे. यात शेतकऱ्याचा हात असा चाले की मला आमच्या चर्मकारांची आठवण झाली.

त्याचे दुःख एकच होते. गोळी ज्या बाजूने शिरते तिथे वाटाण्याएवढे भोक. बाहेर पडते तिथे मुठीएवढे. व्यापारी ते मुठीएवढे भोक पाहून भाव पाडतो. माझ्या नातवाने, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, त्याला मोठ्या अभिमानाने सांगून ठेवले होते की आमचा आज्जा सैन्यात बंदुकांचा उस्ताद होता. झाले! एका दुपारी त्या माणसाने दोन डबे माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, यातली कुठली?

दोन्ही डबे .२२३ रेमिंग्टनचे. आपल्या इन्सास रायफलीचे काडतूस ५.५६ मिलिमीटरचे; .२२३ हे त्याचेच नागरी भावंड म्हणता येईल. गोळीचे वजन ५५ ग्रेन. ग्रेन म्हणजे काय, हे आपल्या सराफकट्ट्यावरच्या माणसाला चटकन कळेल, कारण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा आणि मासा १५ ग्रेनचा. म्हणजे ही गोळी पावणेचार माशांनाही भरत नाही. सोने असते तर तेवढ्यात बाळाची एक अंगठी झाली असती. पण ती नळीतून सेकंदाला सुमारे ३२४० फूट वेगाने, म्हणजे आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने निघते.

डबे दोन, वजन एक, पण गोळ्या वेगळ्या. एकीचे नाक उघडे, आतले शिसे दिसणारे. अंगात शिरताच ती फुलते. दुसरी सैन्याच्या धर्तीची, शिशावर नाकापर्यंत तांब्याचे अखंड कवच. ती फुलत नाही, सरळ जाते. फुलणारीने मुठीएवढे भोक पडले होते. माझ्या चोवीस वर्षांच्या विद्येने उत्तर दिले: अखंड कवचाची घ्या. आरपार जाईल, दोन्हीकडे दाभणाने टोचल्यासारखे भोक, कातडे वाचेल. आणि वर मी असेही म्हणालो की जनावरालाही इजा कमी. हे शेवटचे वाक्य नातवाने इंग्रजीत करून त्याला सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघे निघालो. परक्या देशात पाहुणा म्हणून मी रायफलीला हात लावला नाही. गळ्यात दुर्बीण होती. बर्फावर झोपून शेतकऱ्याने सशाच्या किंकाळीचा आवाज काढणारी पिपाणी वाजवली. वीस-पंचवीस मिनिटांनी दीडशे पावलांवर कायोटी आला आणि आडवा उभा राहिला. नेम चांगला होता. मी दुर्बिणीतून पाहत होतो. गोळी लागली. तो दचकला, मान वळवून स्वतःच्याच कुशीला चावला आणि पळाला.

आम्ही माग काढत गेलो. बर्फावर दहा-पंधरा पावलांनी एक थेंब, मग वीस पावलांनी एक. भोक लहान होते ना! रक्त बाहेर यायलाही जागा नव्हती. दोन तास चाललो, मग वारा सुटला आणि माग बुजला. तिसऱ्या दिवशी शेतकऱ्याला तो दीड-दोन मैलांवर एका ओढ्याच्या काठाखाली सापडला. किती वेळ जिवंत होता ते बर्फावरच्या बसल्या-उठल्याच्या खुणांवरून समजत होते. चार ठिकाणी बसला होता. पक्ष्यांनी कुशी फोडली होती; कातडे कामातून गेलेले. शेतकरी मला एक शब्द बोलला नाही. तो उरलेला डबा मात्र मी असेपर्यंत त्याच्या गाडीत पुन्हा दिसला नाही. नातवाने घरी येताना एवढेच विचारले, "आज्जा, इजा कमी होते म्हणाला होतास ना?"

आता चूक कुठे झाली ते सांगतो. कारण कट्ट्यावरच्या विनोदात तीच चूक दडलेली आहे.

कलकत्त्याजवळ डमडम म्हणून गाव आहे. १८९० नंतरच्या दशकात तिथल्या इंग्रजी दारूगोळ्याच्या कारखान्यात .३०३ रायफलीसाठी उघड्या नाकाच्या गोळ्या तयार झाल्या. अंगात शिरून फुलणाऱ्या या गोळ्यांना जगभर 'डमडम' हेच नाव पडले. १८९९ साली हेग येथे राष्ट्रांची परिषद भरली, तिथे माणसाच्या शरीरात फुलणारी किंवा चपटी होणारी गोळी युद्धात वापरू नये, असा जाहीरनामा झाला. इंग्रजांनी तेव्हा विरोध केला, ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून सैनिकाची गोळी अखंड कवचाची. त्यामागचा विचार थोर आहे: शत्रूचा सैनिक निकामी झाला की युद्धाचे काम भागते, त्याचे मरण पक्के करण्याची गरज नाही. तो पडला की स्ट्रेचर येते, पट्टी बांधणारा येतो, इस्पितळ असते, तह झाल्यावर तो घरी जाऊ शकतो. त्याची जखम लहान असावी यात दया आहे.

कायोटीसाठी स्ट्रेचर येत नाही. त्याला ओढ्याच्या काठाखाली पट्टी बांधणारा कोणी नसतो. त्याच्या बाबतीत लहान जखम म्हणजे लांबलेले मरण. माणसासाठी जी गोळी सभ्य, ती जनावरासाठी क्रूर. आणि माणसासाठी जिच्यावर बंदी, तीच जनावरासाठी दयेची. चोवीस वर्षे मी पहिला धडा शिकलो आणि दुसऱ्या परीक्षेत तोच लिहून आलो. शरीरशास्त्रही साधे आहे. अखंड कवचाची हलकी, वेगवान गोळी मोठ्या अंगात काही अंतर गेल्यावर आडवी होते आणि तेव्हा तिचा घाव वाढतो. कायोटीची छाती आडवी मोजली तर वीतभर. ती गोळी आडवी होण्याच्या आत पलीकडे निघूनही गेलेली असते.

म्हणून खानापूरच्या माझ्या मित्राला मी सांगतो: भोक आणि पाप यांचा हिशेब तुम्ही उलटा मांडलात. भोक कातड्याला पडते, आणि कातडे विकणाऱ्याचे असते. जनावराचा हिशेब भोकाचा नाही, वेळेचा आहे. घोडा ओढल्यापासून प्राण जाईपर्यंत किती वेळ गेला, एवढे एकच माप त्याच्या बाजूचे आहे.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वांत वेगवान, सर्वांत हलकी, आत फुटणारी गोळी घ्यावी. शिरेल पण बाहेर पडणार नाही, म्हणजे जनावरही लगेच जाईल आणि कातडेही वाचेल. तिकडचे कारखानदार नेमके हेच विकतात. जाहिरातीत वेगाचा आकडा सर्वांत मोठ्या टायपात असतो. १९७१ मध्ये .१७ रेमिंग्टन बाजारात आले: २५ ग्रेनची, म्हणजे पावणेदोन माशांनाही कमी भरणारी गोळी, सेकंदाला सुमारे चार हजार फूट. २००४ मध्ये .२०४ रुगर आले: दोन माशांची, ३२ ग्रेनची गोळी, चार हजारांच्याही वर. या काडतुसांना मी वाईट म्हणत नाही. वारा नसताना, फासळ्यांवर, ओळखीच्या अंतरावर ती काम चोख करतात आणि भोक खरोखरच दिसत नाही.

पण यातल्या कित्येक गोळ्यांचे कवच कागदासारखे पातळ असते, कारण त्या मुळात प्रेअरी डॉगसाठी, म्हणजे किलोभर वजनाच्या, खारीच्या जातीतल्या बिळात राहणाऱ्या प्राण्यासाठी बनवलेल्या असतात. स्पर्श होताच त्यांचा चुरा व्हावा हीच त्यांची कामगिरी. ती गोळी कायोटीच्या फासळीऐवजी खांद्याच्या हाडावर बसली तर हाडावरच फुटते. वर बशीएवढी उथळ जखम, आत फुप्फुसाला धक्काही नाही. कातडे गेले, आणि जनावर तीन पायांवर पळाले. शिवाय नेब्रास्काच्या माळावर वारा सतत असतो, आणि दोन माशांची गोळी वाऱ्याने ढकलली जाते. छातीवर धरलेला नेम पोटावर बसतो. पोटात गोळी लागलेले जनावर कसे मरते ते मी इथे लिहीत नाही.

म्हणजे दोन टोके झाली. एक गोळी काहीच न करता आरपार जाते. दुसरी दारातच फुटते. दोन्ही टोके कातड्याच्या लोभातून निघाली आहेत. खरी गोळी मधली: फासळी ओलांडण्याइतकी मजबूत आणि फुप्फुसात पोहोचल्यावर उघडण्याइतकी मऊ. .२२३ मध्ये ५५ ग्रेनची साधी उघड्या नाकाची किंवा पोकळ नाकाची गोळी दीडशे-दोनशे यार्डांपर्यंत हे काम करते. वारा जास्त आणि अंतर लांब असेल तर तेच वजन अधिक वेगाने नेणारे .२२-२५०, रेमिंग्टन कंपनीने ते १९६५ मध्ये बाजारात आणले. घरात हरणासाठी घेतलेली .२४३ विंचेस्टर असेल तर तिच्या पाच ते सात माशांच्या गोळीने पलीकडे मोठे भोक पडण्याची शक्यता धरून चालावे. आणि .१७ एच. एम. आर. सारखे १७ ग्रेनचे चिमुकले काडतूस सशासाठी ठीक. लांबच्या कायोटीवर ते झाडणे म्हणजे माझ्या अखंड कवचाच्या सल्ल्याचीच दुसरी आवृत्ती.

मग पलीकडच्या भोकाचे काय? त्याचे उत्तर त्या अबोल शेतकऱ्यानेच मला दाखवले, माझी चूक होऊन आठवडा झाल्यावर. फुलणाऱ्या गोळीने मारलेल्या एका कायोटीचे कातडे त्याने उलटे करून मांडीवर घेतले, फाटलेल्या कडा कापून सारख्या केल्या आणि आतल्या बाजूने बारीक टाके घातले. मग उलटवून केस विंचरले. मी चष्मा लावून शोधत राहिलो. टाका सापडला नाही. व्यापाऱ्याला सापडतो, तो हात फिरवून ओळखतो आणि काही पैसे कापतो. कापू द्या की! फाटलेले कातडे सुईने सांधता येते. जखमी होऊन पळालेला जीव सांधायची सुई अजून कोणी बनवलेली नाही.

आता मुख्याध्यापकांकडे वळतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्यांचा सल्ला सर्वांत सोपा आहे: मारू नको म्हणून सांगा आणि फोन ठेवा. पहिल्या अर्ध्याला माझी हरकत नाही. दुसऱ्या अर्ध्याला आहे. जो पोरगा कायद्याने मोकळा आहे, ज्याच्या गावात हे रोज चालते, ज्याने रायफल घेऊन झाली आहे, त्याला 'मारू नको' म्हणून फोन ठेवला तर माझे हात स्वच्छ राहतील, कायोटीचे काय? पोरगा डबा घेणारच आहे. तो मोठ्या टायपातला वेगाचा आकडा पाहून घेईल, किंवा स्वस्त म्हणून सैन्याच्या धर्तीचा घेईल. माझ्या सात्त्विक मौनाची किंमत ओढ्याच्या काठाखाली कोणीतरी मोजेल.

आणि आपण तरी कातड्यापासून कुठे लांब आहोत? मुख्याध्यापक रोज ज्या वहाणा घालून कट्ट्यावर येतात त्या कातड्याच्या. भजनाला जो तबला वाजतो त्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. कित्येक देवघरांत आजोबांच्या काळचे मृगाजिन अजून गुंडाळून ठेवलेले आहे. आमच्या ग्वाल्हेर-बडोद्याच्या सोयऱ्यांकडे तर दिवाणखान्यात वाघाची कातडी असत. २००३ मध्ये सरकारने अशा जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली तेव्हा किती घरांत धावपळ उडाली, ते ज्याचे त्याला ठाऊक. त्या हरणाला, त्या वाघाला कुठली गोळी लागली आणि तो किती वेळ तडफडला, हे आपल्यापैकी कोणी आजोबांना विचारले नाही. मृगाजिनावर बसून जप करायला आपली हरकत नव्हती. हरणाच्या मरणाची चौकशी करायला मात्र लाज वाटत होती. 'मारू नको' म्हणून हात झटकणारा आणि 'बारीक गोळी घे' म्हणून हसणारा, दोघांनीही जनावराकडे पाहिलेले नाही. एकाला आपले पुण्य दिसते, दुसऱ्याला कातडे.

तरीही मुख्याध्यापकांच्या बाजूचा एक मुद्दा मी नातवापुढे ठेवला, आणि तो दयेचा नसून रोकड्या व्यवहाराचा आहे. २०१८ चा भाव आता राहिलेला नाही. उत्तर अमेरिकेतील एक मोठे कातडी लिलावघर २०१९ मध्ये देण्याघेण्याच्या पेचात सापडले. कोटांना कायोटीची झालर लावणाऱ्या कॅनडा गूस या प्रसिद्ध कंपनीने २०२१ मध्ये केसाळ कातडे सोडण्याचे जाहीर केले आणि २०२२ अखेरपर्यंत त्याचा वापर थांबवण्याची मुदत स्वतःला घातली. कॅलिफोर्नियात तर २०२३ पासून नव्या फरच्या विक्रीलाच बंदी आहे. तेव्हा मी त्याला म्हटले, कातडे खराब होऊ नये म्हणतोस, पण घेणार कोण? आधी गिऱ्हाईक शोध. कातडे विकायचे नसेल, वापरायचे नसेल, तर 'कातड्यासाठी' हे निमित्त सोड आणि खरे कारण स्वतःला सांग. वासरे जातात म्हणून मारायचे असेल तर तसे म्हण. मग भोकाची चिंता कशाला? नुसता नेम साधायचा असेल तर पुठ्ठ्यावर साध. त्याला ना कातडे, ना जीव.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तो शेजारी आता थकला आहे. वासरांच्या दिवसांत मी त्याच्याकडे मदतीला जातो. तो म्हणतो, मारलं तर वाया घालवू नये."

यावर मला उत्तर नव्हते. म्हातारा बरोबर होता. म्हणून मी जे सांगितले ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे ज्यांच्या नातवंडांचे फोन येतील त्यांना उपयोगी पडेल. गोळी जनावराला विचारून निवड, व्यापाऱ्याला विचारून नको. अखंड कवचाची कधीही नको. प्रेअरी डॉगसाठी म्हणून डब्यावर लिहिले असेल तर तो डबा परत ठेव. जी घेशील तिने आधी पुठ्ठ्यावर पन्नास वेळा झाड, आणि ज्या अंतरावर पाचही गोळ्या तळहातात मावतात त्याच्या पुढे जनावरावर झाडू नको. पळत्यावर नको, आवाज कर, तो थांबून बघतो. आडवा असेल तर पुढच्या पायाच्या मागे, फासळ्यांवर. वारा ढकलत असेल तर घरी ये. सोललेले धड उघड्यावर टाकू नको. फुटणाऱ्या गोळीतले शिसे त्यात विखुरलेले असते, गरुड ते खातात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या साफ बंद केल्या त्या याचसाठी. धड पुरून टाक, नाहीतर निव्वळ तांब्याची गोळी घे. आणि गोळी झाडल्यावर जनावर पळाले तर दिवस गेला तरी माग सोडायचा नाही. आपण तेव्हा सोडला होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तुला विचारलं, आज्जा. दुकानात कुणालाही विचारता आलं असतं."

त्या रात्री मला झोप का लागली नव्हती, ते तेव्हा मला नीट कळले. तेरा वर्षांच्या पोराने माझी चूक सात वर्षे जपून ठेवली होती, आणि ती मला टोचण्यासाठी नव्हे, तर त्याला पुन्हा करावी लागू नये म्हणून.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. थंडीभर चारदा गेला. एकदा कायोटी आलाच नाही. दोनदा आला, पण वारा होता, म्हणून उठून आला. चौथ्या वेळी झाडली. जागच्या जागी पडला. पलीकडे रुपयाएवढे भोक पडले होते. म्हाताऱ्याने त्याला टाके घालायला शिकवले. कातडे विकले नाही. म्हाताऱ्याच्या हातमोज्यांना आतून लावले.

खानापूरच्या मित्राला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "रुपयाएवढं? मग बारीक गोळी का नाही घेतली?" त्यांच्यासाठीच हा लेख लिहिला.